मल्टिपल मायलोमा : कोणते स्कॅन, केव्हा आणि कशासाठी?

अस्थिरेखा (धागाकर्ता)

मल्टिपल मायलोमाच्या रुग्णाच्या फाइलमध्ये रक्त-लघवीच्या तपासण्यांबरोबरच एक्स-रे, सीटी, एमआरआय आणि पेट-सीटी यांचे रिपोर्ट साठत जातात. हे रिपोर्ट एकमेकांशी जुळत नाहीत, तेव्हा रुग्ण आणि नातेवाईक दोघेही गोंधळतात. एका रिपोर्टमध्ये ‘असंख्य छिद्रे’ असतात, दुसऱ्यात ‘सक्रिय आजार नाही’ असे लिहिलेले असते, आणि दोन्ही खरे असतात. मी रेडिओलॉजीत काम करतो आणि हा प्रश्न वारंवार ऐकतो, म्हणून हा धागा काढत आहे. माझे म्हणणे एवढेच आहे, की या तपासण्या हाडाच्या वेगवेगळ्या अंगांकडे पाहतात. सीटीला हाडातले खनिज दिसते, एमआरआयला हाडाच्या आतली मज्जा दिसते आणि पेटला पेशींची साखरेची भूक दिसते. कोणता रिपोर्ट कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो हे लक्षात आले, की बहुतेक विसंगती आपोआप मिटतात.

आधी आजाराविषयी थोडे. मायलोमा हा अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशींचा, म्हणजे प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींचा, कर्करोग आहे. या पेशी मज्जेतल्या परिसराला असे संकेत देतात, की हाड झिजवणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी चेकाळतात आणि हाड घडवणाऱ्या ऑस्टिओब्लास्ट पेशी दबून जातात. परिणामी हाड पोखरले जाते, पण त्याच्या कडेला नवे हाड तयार होत नाही. कवटीच्या एक्स-रेमध्ये पंचिंग मशीनने पाडल्यासारखी जी स्वच्छ गोल छिद्रे दिसतात, ती यामुळेच. स्तनाच्या किंवा प्रोस्टेटच्या कर्करोगात सर्रास वापरला जाणारा बोन स्कॅन इथे तोकडा पडतो, त्याचेही कारण हेच आहे. त्या स्कॅनमधले टेक्नेशियमयुक्त औषध नवे हाड जिथे घडत असते तिथे जमा होते, आणि मायलोमात घडण थांबलेली असते. हाडे पोखरलेली असतानाही बोन स्कॅन जवळजवळ निर्दोष येऊ शकतो. त्यामुळे मायलोमासाठी केवळ बोन स्कॅन झाला असेल, तर हाडांची तपासणी झाली असे समजू नये.

साध्या एक्स-रेंची मालिका, म्हणजे कवटी, पाठीचा कणा, बरगड्या, कटिभाग, दंड आणि मांड्या यांची छायाचित्रे, ही कित्येक दशके प्रमाण तपासणी होती. १९७५ साली ड्यूरी आणि सॅमन यांनी मांडलेल्या टप्प्यांमध्येही एक्स-रेवरील छिद्रांना स्थान होते. तिची अडचण मूलभूत आहे : त्या जागचे जाळीदार हाड साधारण ३० ते ५० टक्के नष्ट झाल्याशिवाय एक्स-रेवर काही उमटतच नाही. कणा आणि कटिभाग हे मायलोमाचे आवडते भाग, आणि आतड्यातील वायू व एकावर एक आलेल्या सावल्यांमुळे एक्स-रे नेमका तिथेच सर्वांत दुबळा ठरतो. एका हाडाविषयी नेमका प्रश्न असेल, उदाहरणार्थ मांडीचे हाड मोडण्याच्या बेतात आहे का, तर एक्स-रे आजही उपयोगी आहे. संपूर्ण सांगाड्याच्या प्राथमिक तपासणीसाठी मात्र, सीटी उपलब्ध असेल तर, तो वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याची जागा आता संपूर्ण शरीराच्या कमी मात्रेच्या सीटीने घेतली आहे. यात कवटीपासून गुडघ्यापर्यंत काही मिनिटांत चित्रण होते, शिरेतून कोणतेही औषध द्यावे लागत नाही आणि हात डोक्यावर ताणून फार वेळ पडून राहावे लागत नाही. पाठदुखीने बेजार झालेल्या माणसासाठी ही शेवटची गोष्ट फार मोलाची आहे. हाडाचा आणि मऊ ऊतींचा फरक मुळातच मोठा असल्यामुळे किरणोत्सर्ग बराच कमी करूनही छिद्रे स्पष्ट दिसतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक केंद्रांतील २१२ रुग्णांच्या अभ्यासात ५४ जणांचे, म्हणजे सुमारे एक चतुर्थांश रुग्णांचे, एक्स-रे निर्दोष होते आणि सीटीत हाड पोखरलेले आढळले. ‘एक्स-रे स्वच्छ आहेत, मग सीटी कशाला?’ या प्रश्नाचे याहून नेमके उत्तर मला माहीत नाही.

इंटरनॅशनल मायलोमा वर्किंग ग्रुपने २०१४ मध्ये निदानाचे निकष सुधारले. त्यानुसार मायलोमाचे मूळ निदान झालेल्या रुग्णात एक्स-रे, सीटी किंवा पेट-सीटीच्या सीटी भागात ५ मिलिमीटर किंवा त्याहून मोठे एक जरी छिद्र दिसले, तरी तो उपचार सुरू करण्याजोगा आजार मानला जातो. त्याचबरोबर, हाड अजून पोखरलेले नसले तरी एमआरआयमध्ये किमान ५ मिलिमीटरच्या एकाहून अधिक ठळक गाठी दिसल्या, तर तेही उपचारासाठी पुरेसे कारण ठरले. हा बदल मोठा होता. तोवर हाड मोडण्याची किंवा मूत्रपिंड बिघडण्याची वाट पाहिली जात असे. त्या निकषांमुळे इतकी वाट न पाहता उपचार आधीच सुरू करता येऊ लागले.

एमआरआयविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण गैरसमज इथेच अधिक आहेत. प्रौढ माणसाच्या मज्जेत चरबीचे प्रमाण बरेच असते, त्यामुळे टी-१ प्रकारच्या चित्रांत निरोगी मज्जा उजळ दिसते. प्लाझ्मा पेशींनी चरबीची जागा घेतली, की तो भाग काळवंडतो आणि चरबीचा संकेत दाबून काढलेल्या चित्रांत तोच भाग चमकतो. हाड पोखरले जाण्याच्या आधीची ही अवस्था आहे, आणि ती सीटीला दिसतेच असे नाही. मज्जा एकतर निरोगी दिसते, किंवा तीत सुट्या गाठी दिसतात, किंवा आजार सर्वत्र पसरलेला दिसतो. काहींत गाठी आणि पसरलेला आजार एकत्र असतात, तर काहींत मीठ-मिरी भुरभुरल्यासारखे ठिपके दिसतात. याखेरीज पाण्याच्या रेणूंची हालचाल मोजणारी डिफ्युजन प्रकारची चित्रे आता संपूर्ण शरीराची काढता येतात. पेशी दाटीवाटीने भरलेल्या ठिकाणी ही हालचाल अडते. उपचारांनी पेशी मरू लागल्या की ती वाढते, आणि तिचे मापन करता येते. असे रिपोर्ट सर्वत्र एकाच पद्धतीने लिहिले जावेत म्हणून २०१९ मध्ये माय-रॅड्स नावाची पद्धत मांडली गेली.

पेट-सीटीत फ्लोरिन-१८ जोडलेली ग्लुकोजसदृश साखर शिरेतून देतात. फ्लोरिन-१८ चे अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटे आहे. ज्या पेशी साखर अधिक खेचतात त्या उजळून दिसतात. त्यामुळे आजार कुठे जिवंत आहे, हाडाबाहेर मऊ ऊतींमध्ये पसरला आहे का आणि उपचारांनी तो विझला का, या तीन प्रश्नांसाठी पेट-सीटी आज सर्वांत भरवशाची आहे. एक बारकावा मात्र ध्यानात ठेवावा : केवळ उजळ ठिपका दिसला, पण त्याखाली सीटीत हाड पोखरलेले नाही, तर २०१४ च्या निकषांनुसार तेवढ्याने हाडांचा आजार सिद्ध होत नाही.

याच ग्रुपच्या २०१९ च्या शिफारशींचा क्रम ढोबळमानाने असा आहे. प्रथम कमी मात्रेची सीटी किंवा पेट-सीटी करावी. तीत काही आढळले नाही किंवा शंका राहिली आणि आजार सुप्त, म्हणजे लक्षणे न दाखवणारा, असल्याचा संशय असेल, तर संपूर्ण शरीराचा एमआरआय करावा. तो शक्य नसेल तर निदान कणा आणि कटिभाग यांचा तरी करावा. ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१६ च्या मार्गदर्शिकेत संपूर्ण शरीराच्या एमआरआयला पहिली पसंती दिली होती, म्हणजे तज्ज्ञांमध्येही क्रमाबद्दल पूर्ण एकमत नाही. कोणते यंत्र उपलब्ध आहे आणि ते चित्र वाचण्याचा अनुभव कोणाला आहे, यावरही बरेच ठरते.

प्रश्न जरूर विचारावेत. व्यक्तिगत रिपोर्टवर मात्र इथे मत देता येणार नाही. ते उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच द्यायला हवे.

---

चांदणवेल

अतिशय सविस्तर आणि उपयुक्त लेख. आमच्या घरातील एका ज्येष्ठ व्यक्तीचे उपचार व्यवस्थित चालू आहेत आणि रक्तातील एम-प्रथिन, म्हणजे मायलोमा पेशी सोडतात ते प्रथिन, जवळजवळ नाहीसे झाले आहे. असे असूनही नव्या सीटीच्या रिपोर्टमध्ये ‘पूर्वीची सर्व छिद्रे जशीच्या तशी’ असे लिहून आले, आणि सगळ्यांचा धीर खचला. रक्त सुधारले आणि हाड सुधारले नाही, याचा अर्थ उपचार अर्धवट लागू पडले असा घ्यायचा का?

---

अस्थिरेखा

चांदणवेल, तसा अर्थ घेऊ नये. छिद्र हे झालेल्या नुकसानाचे चिन्ह आहे, आणि नुकसान करणाऱ्या पेशी गेल्या तरी चिन्ह उरते. मायलोमातील छिद्रे उत्तम प्रतिसादानंतरही वर्षानुवर्षे तशीच दिसू शकतात. काहींच्या कडा हळूहळू पांढऱ्या आणि टणक होतात, काहींच्या आत चरबी भरते. ही दोन्ही चिन्हे चांगलीच आहेत, पण ती प्रत्येक रुग्णात दिसतील असे नाही. त्यामुळे ‘जशीच्या तशी’ हे शब्द सीटीच्या भाषेत बहुधा समाधानाचे असतात. खरी काळजी नवे छिद्र दिसले, जुने मोठे झाले किंवा हाडाबाहेर मऊ गाठ वाढली तर करायची.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. उपचार चालू असताना एखादा मणका दबला, तर तो आजार वाढल्याचा पुरावा असतोच असे नाही. आधीच पोकळ झालेला मणका नंतर भार सहन न होऊन दबू शकतो. स्टिरॉइडमुळे आलेला ठिसूळपणाही त्याला हातभार लावतो. अशा वेळी एमआरआय केला, तर मणक्यातील मज्जा पेशींनी भरलेली आहे की केवळ मोड आहे, हे बऱ्याच अंशी ओळखता येते.

---

रक्तपेशी

धागाकर्त्यांनी विषय नेटका मांडला आहे. मी रक्तविकारांच्या शाखेत काम करते, त्यामुळे एक भर आणि एक सौम्य मतभेद नोंदवते.

भर अशी, की बहुसंख्य रुग्णांमध्ये देखरेखीचा कणा हा रक्त आणि लघवीतील प्रथिनांचाच असतो. एम-प्रथिन, मुक्त हलक्या साखळ्या (प्रतिपिंडांचे सुटे तुकडे), हिमोग्लोबिन, कॅल्शियम आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन हे आकडे नियमित अंतराने पाहिले जातात. प्रत्येक फेरीत स्कॅन करण्याची गरज नसते. या नियमाला ठळक अपवाद आहेत. ज्यांचा आजार मोजण्याजोगे प्रथिन सोडतच नाही, ज्यांचा आजार हाडाबाहेर पसरलेला आहे, आणि ज्यांना एकाच जागी गाठ म्हणजे प्लाझ्मासायटोमा आहे, त्यांच्याबाबतीत स्कॅन हाच मुख्य आधार असतो. रक्ताचे आकडे स्थिर असताना नवीन ठिकाणी दुखू लागले, तर सगळ्याच रुग्णांमध्ये स्कॅन हवा. पुनरागमन काही वेळा प्रथिनाच्या आकड्याला वळसा घालून थेट हाडात किंवा यकृतात उगवते.

मतभेद क्रमाबद्दल आहे. ज्या रुग्णाला पुढे तीव्र उपचार किंवा स्वतःच्या मूलपेशींचे प्रत्यारोपण होणार आहे, त्याची सुरुवातीलाच पेट-सीटी झालेली असावी असे मी मानते. उपचारांनंतर ‘सगळे विझले का’ हे विचारायचे, तर आधी काय पेटलेले होते त्याची नोंद हवी. ती नसेल तर नंतरच्या स्वच्छ पेटचा अर्थ लावणे अवघड जाते. मुळातच तो आजार पेटवर न दिसणाऱ्या प्रकारचा असेल, तर?

---

गणकयंत्र

पेटवर न दिसणारा आजार म्हणजे नेमके काय? पेट-सीटी निर्दोष आली तरी आजार असू शकतो, असे आपल्याला म्हणायचे आहे का? मग एवढ्या तपासणीचा भरवसा तो काय?

---

रक्तपेशी

होय, असू शकतो. साखर पेशीत शिरल्यावर तिला अडकवून ठेवण्याचे काम हेक्सोकायनेज-२ नावाचे विकर करते. काही रुग्णांच्या मायलोमा पेशींमध्ये हे विकर फार कमी असते. २०१७ च्या एका अभ्यासात २२७ रुग्णांपैकी २६ जणांमध्ये, म्हणजे सुमारे ११ टक्क्यांमध्ये, डिफ्युजन एमआरआयवर आजार दिसत असूनही पेट निर्दोष होती, आणि त्यामागे याच विकराची कमतरता असल्याचे आढळले. अशा रुग्णावर लक्ष ठेवण्यासाठी एमआरआय योग्य ठरतो.

उलट बाजूची उदाहरणेही आहेत. नुकताच झालेला अस्थिभंग, जंतुसंसर्ग, शस्त्रक्रियेची जागा, सांध्याची सूज हे सगळे पेटवर उजळते. पांढऱ्या पेशी वाढवण्याचे इंजेक्शन अलीकडे दिले असेल, तर संपूर्ण मज्जा एकसारखी उजळून आजार पसरल्याचा भास होतो. याउलट मोठ्या मात्रेतील डेक्सामेथासोन सुरू झाल्यावर लगेच पेट केली, तर उजळपणा फसवा कमी दिसू शकतो. म्हणून पेट करणाऱ्या विभागाला औषधांची यादी तारखांसह द्यावी. रक्तातील साखर किती आहे, किती तास उपाशी आहात, मधुमेहाचे इन्सुलिन केव्हा घेतले, हेही सांगावे. हे प्रश्न औपचारिकतेचे नसतात.

---

निवांत

माझ्या परिचितांना सुप्त म्हणजे स्मोल्डरिंग मायलोमा असल्याचे सांगितले आहे. उपचार नाहीत, केवळ देखरेख. त्यांच्या एमआरआयमध्ये एकच छोटी गाठ दिसली. वरच्या लेखात ‘एकाहून अधिक’ असे आहे. मग एका गाठीचे काय करायचे? एक गाठ असलेला सुरक्षित आणि दोन असलेला आजारी, ही रेषा मला थोडी कृत्रिम वाटते.

---

अस्थिरेखा

निवांत, रेषा कृत्रिम आहे हे मान्य. निदानाच्या प्रत्येक रेषेत थोडी कृत्रिमता असते. ती कुठून आली ते सांगतो. २०१० मध्ये लक्षणविरहित मायलोमाच्या १४९ रुग्णांचा संपूर्ण शरीराचा एमआरआय करून जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात २८ टक्के रुग्णांना गाठी होत्या आणि एकाहून अधिक गाठी असणे हा आजार लवकर बळावण्याचा सर्वांत ठळक इशारा ठरला. अशा रुग्णांपैकी सुमारे ७० टक्क्यांचा आजार दोन वर्षांत सक्रिय होतो, असे २०१४ चे निकष मांडताना धरले गेले. एका गाठीबाबत धोका इतका स्पष्ट नव्हता. म्हणून एकच गाठ किंवा शंकास्पद चित्र असेल, तर तीन ते सहा महिन्यांनी एमआरआय पुन्हा करावा असा सल्ला दिला जातो. गाठ वाढली किंवा दुसरी दिसली, तर पुढचा निर्णय तिथे होतो.

यात वाचणाऱ्याची जबाबदारी मोठी आहे. मणक्यातील निरुपद्रवी रक्तवाहिन्यांची गाठ, म्हणजे हिमँजिओमा, कित्येक निरोगी लोकांत असते. ती टी-१ चित्रांत सहसा उजळ दिसते, तर मायलोमाची गाठ काळवंडलेली दिसते. तरीही घाईत वाचलेल्या रिपोर्टमध्ये दोन्ही एकाच ओळीत येऊ शकतात. ॲनिमियामुळे लाल मज्जा पुन्हा वाढू लागली, तर तीही आजारासारखी दिसते. शंका उरली आणि निर्णय त्या एका गाठीवरच अवलंबून असेल, तर सीटीच्या मार्गदर्शनाखाली तिचा तुकडा काढून तपासणे हा सरळ मार्ग आहे. कटीच्या हाडातून घेतलेली मज्जा संपूर्ण शरीराचे प्रतिनिधित्व करतेच असे नाही. मायलोमा ठिकठिकाणी वेगळा वागतो, आणि एका गाठीतील पेशींचे जनुकीय स्वरूप दुसऱ्या गाठीतल्यापेक्षा निराळे असू शकते.

---

सावळा मेघ

मूत्रपिंडाचा प्रश्न कोणी काढलाच नाही. मायलोमाच्या रुग्णांना ‘डाय’, म्हणजे चित्र ठळक करण्यासाठी शिरेतून देतात ते औषध, देऊ नये, असे ठामपणे सांगितले जाते. मग हे स्कॅन कसे करतात? आणि एवढे स्कॅन वारंवार केल्यावर किरणांचे काय?

---

अस्थिरेखा

दोन्ही प्रश्न योग्य आहेत. कमी मात्रेच्या सीटीत आयोडीनयुक्त डाय लागतच नाही. पेटमधील साखरेचा मूत्रपिंडावर तसा ताण येत नाही. एमआरआयचे बहुतेक प्रश्न गॅडोलिनियम, म्हणजे एमआरआयमधील डाय, न देताही सुटतात, आणि माय-रॅड्सच्या मूळ चित्रमालिकेतही ते अनिवार्य नाही. म्हणजे हाडांच्या तपासणीसाठी डायची भीती बाळगून स्कॅन टाळण्याचे कारण नाही. दुसऱ्या कारणासाठी, उदाहरणार्थ फुप्फुसातील रक्ताच्या गुठळीच्या संशयावरून, डाय देऊन सीटी करायची वेळ आली, तर मात्र ‘मायलोमा आहे’ हे आधी सांगावे, क्रिएटिनिन दाखवावे आणि शरीरात पाणी कमी पडू देऊ नये. हलक्या साखळ्यांनी आधीच त्रासलेल्या मूत्रपिंडाला निर्जलीकरण सर्वांत अधिक बाधते.

किरणांविषयी : निसर्गातून प्रत्येकाला वर्षाला सरासरी सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतच असतो. कमी मात्रेच्या सीटीत यंत्रानुसार आणि शरीरयष्टीनुसार साधारण ४ ते ८ मिलिसिव्हर्ट मिळतात. पेट-सीटीत सीटीबरोबर किरणोत्सर्गी साखरेचीही मात्रा मिळवावी लागते, त्यामुळे बेरीज अधिक होते. एमआरआयमध्ये किरणोत्सर्ग नाही. सक्रिय मायलोमाच्या रुग्णात न ओळखलेल्या पोकळ हाडाचा धोका या मात्रेपेक्षा कितीतरी मोठा आहे, त्यामुळे तिथे मी किरणांचा विचार फार करत नाही. सुप्त आजार असलेल्या तुलनेने तरुण व्यक्तीला वर्षानुवर्षे देखरेखीत राहायचे आहे, तिच्यासाठी मात्र एमआरआयला झुकते माप द्यावे असे मला वाटते.

---

गणकयंत्र

उपचारांनंतरचा प्रतिसाद मोजण्यासाठी एमआरआय आणि पेट यांची थेट तुलना झाली आहे का? वर दोघांचेही गुण सांगितले गेले, पण निवड करायची झाल्यास कोणती?

---

रक्तपेशी

झाली आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधील इमाजेम अभ्यासात १३४ रुग्णांचे दोन्ही स्कॅन ठरावीक टप्प्यांवर केले गेले. निदानाच्या वेळी दोन्ही जवळपास तुल्यबळ ठरले : एमआरआय ९५ टक्क्यांत आणि पेट-सीटी ९१ टक्क्यांत सदोष होती. फरक पुढे पडला. औषधांच्या तीन फेऱ्यांनंतर आणि पुन्हा देखभालीचे औषध सुरू होण्याआधी ज्यांची पेट निर्दोष झाली, त्यांचा आजार अधिक काळ ताब्यात राहिला. एमआरआय निर्दोष होण्याचा असा संबंध आढळला नाही. पेशी मेल्यानंतरही त्या जागचे पाणी आणि सूज एमआरआयवर कित्येक महिने रेंगाळत दिसते, हे त्याचे कारण आहे. हा निष्कर्ष पारंपरिक एमआरआयचा आहे, डिफ्युजन प्रकारचा नव्हे, हे लक्षात ठेवावे. डिफ्युजनच्या मापनाने हे अंतर कितपत भरून निघते, हा माझ्या दृष्टीने आजचा सर्वांत रंजक प्रश्न आहे.

आणखी एक तांत्रिक तपशील, कारण रिपोर्टमध्ये तो दिसतो. पेटचा प्रतिसाद लिहिताना डोव्हिल गुणांकन वापरतात, ज्यात गाठीच्या उजळपणाची तुलना छातीच्या मध्यभागातील रक्ताशी आणि यकृताशी करून १ ते ५ गुण देतात. २०२१ मध्ये एकत्र केलेल्या माहितीनुसार गाठी आणि मज्जा या दोहोंचा उजळपणा यकृताहून अधिक नसणे, म्हणजे गुण ४ च्या खाली असणे, हा पूर्ण चयापचयी प्रतिसादाचा व्यवहार्य निकष ठरला. त्याच्या जोडीला मज्जेतील अवशिष्ट आजाराची तपासणी, म्हणजे एक लाख पेशींत एक मायलोमा पेशी शोधण्याची क्षमता असलेली चाचणी, निर्दोष असेल तर निष्कर्ष अधिक बळकट होतो. दोन्ही लागतात, कारण मज्जेचा नमुना एकाच जागेचा असतो आणि स्कॅन सर्व शरीराचा असतो. मात्र स्कॅनला मूठभर पेशी दिसत नाहीत.

---

दूरदर्शी

नवीन तंत्रांबद्दल वाचत असतो, म्हणून थोडी भर. साखरेऐवजी इतर रेणू वापरून पेट करण्याचे प्रयत्न चालू आहेत. मेथिओनिन हे अमिनो आम्ल कार्बन-११ जोडून देतात. प्लाझ्मा पेशी प्रथिने बनवण्यात सतत गुंतलेल्या असल्याने ते अधिक खेचतात, आणि साखरेला न दिसणारा आजार त्यात दिसू शकतो. अडचण अशी, की कार्बन-११ चे अर्धायुष्य जेमतेम २० मिनिटे आहे, म्हणजे ते तयार करणारे सायक्लोट्रॉन त्याच आवारात लागते. पेशीच्या पृष्ठभागावरील सीएक्ससीआर-४ या ग्राहकाला चिकटणारा गॅलियम-६८ युक्त रेणू, तसेच प्लाझ्मा पेशींवरील सीडी-३८ या प्रथिनाला चिकटणाऱ्या डाराट्युमुमॅब या मायलोमाच्या औषधाला झिर्कोनियम-८९ जोडून केलेली पेट, यांवरही अभ्यास झाले आहेत. ड्युअल एनर्जी, म्हणजे दोन वेगवेगळ्या ऊर्जेच्या किरणांनी केलेल्या, सीटीत हाडातील कॅल्शियमचा भाग गणिताने वजा करून मज्जेचे चित्र काढता येते. एमआरआय ज्यांना करताच येत नाही त्यांच्यासाठी ते आशादायक वाटते.

---

रक्तपेशी

दूरदर्शी, माहिती बरोबर आहे. रोजच्या निर्णयांत मात्र यांतले फारसे काही अजून आलेले नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. नाहीतर ‘आमची पेट जुन्या प्रकारची झाली’ अशी निष्कारण रुखरुख लागते.

सगळ्यांसाठी एक गोष्ट तातडीची म्हणून लिहिते. मायलोमाच्या रुग्णाच्या पाठीत नवी, वाढती वेदना असेल आणि तिच्याबरोबर पायांत अशक्तपणा, बधिरता, चालताना तोल जाणे किंवा लघवी-शौचावरील ताबा सुटणे यांतले काहीही दिसले, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये. मज्जारज्जू दाबला जात असण्याची ती लक्षणे आहेत आणि त्याच दिवशी संपूर्ण कण्याचा एमआरआय व्हायला हवा. संपूर्ण कण्याचा असे मुद्दाम लिहिले, कारण दाब एकाहून अधिक ठिकाणी असू शकतो आणि दुखण्याची जागा दरवेळी खरी जागा दाखवत नाही. इथे काही तासांच्या फरकाने चालण्याची क्षमता टिकते किंवा जाते.

---

सावळा मेघ

पेसमेकर असलेल्या किंवा बंद जागेची भीती वाटणाऱ्या रुग्णांनी अशा वेळी काय करावे?

---

अस्थिरेखा

अलीकडचे बरेच पेसमेकर ठरावीक अटींवर एमआरआयशी सुसंगत असतात. यंत्राचे कार्ड दाखवले, की विभाग ते तपासून स्कॅनच्या काळापुरती मांडणी बदलून घेतो. कृत्रिम खुब्याचा सांधा किंवा मणक्यातील स्क्रू असले तरी बहुधा एमआरआय होतो, त्या भोवतीचे चित्र मात्र विस्कटते. बंद जागेची भीती असेल तर सौम्य झोपेचे औषध देता येते. वेदनेमुळे सरळ झोपता येत नसेल, तर वेदनाशामक आधी घेऊन यावे. संपूर्ण शरीराच्या एमआरआयला पाऊण तास किंवा अधिक वेळ लागू शकतो आणि हललेले चित्र वाचणे कठीण असते. एमआरआय खरोखरच अशक्य असेल, तर सीटी आणि गरज पडल्यास पेट-सीटी यांवर काम भागवावे लागते. मज्जारज्जूच्या दाबाच्या बाबतीत ती तडजोडच असते.

---

चांदणवेल

उत्तरांबद्दल दोघांचेही आभार. ‘जशीच्या तशी’ याचा खरा अर्थ घरी समजावून सांगितला. एक शेवटची शंका : पुढच्या तपासणीला जाताना केवळ जुने छापील रिपोर्ट नेले तर चालतील का? मागच्या वेळी स्कॅन दुसऱ्या ठिकाणी झाला होता.

---

अस्थिरेखा

रिपोर्टबरोबर मूळ चित्रांची सीडी किंवा डिजिटल प्रतही न्यावी. ५ मिलिमीटरचे छिद्र ७ मिलिमीटरचे झाले की मोजण्याची जागा बदलली, हे शब्दांवरून ठरत नाही. दोन्ही चित्रे शेजारी ठेवूनच पाहावे लागते. शक्य असेल तर तपासणी त्याच प्रकारची आणि त्याच यंत्रावर करून घ्यावी, कारण एका वेळी सीटी आणि पुढच्या वेळी एमआरआय असे झाले तर तुलना जवळजवळ अशक्य होते. चित्रांसोबत शेवटच्या रक्ततपासणीचे आकडे, चालू औषधे, मणक्यात सिमेंट भरले असल्यास त्याची तारीख आणि सध्या नेमके कुठे दुखते ते एका कागदावर लिहून द्यावे. दुखऱ्या जागेकडे वाचणारा पुन्हा एकदा वळून पाहतो, आणि बरगडीतला बारीक दोष पहिल्या नजरेत निसटला असेल तर तो सहसा तेव्हाच सापडतो.